वाइंडिंग खात्यातल्या बाया

आमच्या कारखान्यात रेडिओ तयार व्हायचे आणि माणसं पसार व्हायची. पहिल्या गोष्टीचं अमरावतीत फार कौतुक होतं. दुसरीची काळजी फक्त तिघांना होती: मालक माधवराव, फोरमन दातार मास्तर आणि मी.

मी वाइंडिंग खात्याची मुख्य. 'मुख्य' म्हटलं म्हणून कोणी दबून जाऊ नये. ती जागा मला हुशारीमुळे मिळाली नव्हती. माझ्याआधी लागलेल्या सगळ्या निघून गेल्या आणि मी उरले, म्हणून मिळाली.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. माझे वडील कापसाच्या प्रेसमध्ये गाठी उचलायचे. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला आणि नववीनंतर घरी बसलेल्या मला वडिलांनी हाताला धरून पुन्हा शाळेत नेलं. म्हणाले, "आता तुले मॅट्रिक व्हाच लागते." झाले. सेकंड क्लासात झाले. मग बडनेरा रस्त्यावरच्या सरकी काढायच्या एका बंद पडलेल्या जिनाच्या इमारतीत रेडिओचा कारखाना निघालाय आणि तिथं मुली घेतात असं ऐकलं, आणि पदर खोचून एकटीच जाऊन उभी राहिले.

माधवराव म्हणजे वरुडच्या एका मोठ्या संत्राबागायतदाराचे चिरंजीव. शिकायला बनारसला गेले आणि येताना इंजिनिअरिंगची पदवी आणि रेडिओचं वेड घेऊन आले. घरच्यांना वाटत होतं पोरगा संत्र्याच्या पेट्या कलकत्त्याला धाडेल. तर हा टिनाच्या छपराखाली व्हॉल्व्ह आणि तारा मांडून बसला. वडील अधूनमधून गाडीतून यायचे, छपराकडे पाहायचे आणि म्हणायचे, "जागा चांगली हाय. संत्र्याचं गोदाम मस्त होईन इथं." माधवराव हसून घ्यायचे, पण त्यांचं हसणं कसनुसं व्हायचं.

ज्यांनी तेव्हाचा रेडिओ आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तो रेडिओ म्हणजे लहानसं लाकडी कपाटच. आत काचेचे व्हॉल्व्ह कंदिलासारखे मिणमिणायचे आणि जागोजाग तारेची वेटोळी असायची. ती वेटोळी, म्हणजे कॉइल, गुंडाळायचं काम आम्हा बायांचं. तार तांब्याची, केसासारखी बारीक, वर लाखेसारखा मुलामा. उजव्या हातानं मशीनचा दांडा फिरवायचा आणि डाव्या हाताच्या दोन बोटांतून तार सोडायची. ओढ जास्त झाली की तार तुटते, कमी झाली की गुंडाळी सैल पडते. तुटली की पुन्हा पहिल्यापासून. कॉइल भरली की व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवायची, मग ती पलीकडच्या खोलीत बाप्यांकडे जायची. ते जोडकाम करत.

हे काम पुस्तक वाचून येत नाही. बोटाला तारेची ओढ कळायला लागेपर्यंत अर्धं वर्ष निघून जातं. आणि आमचं दुखणं असं, की एखादीचा हात बसला, तिच्या हातून तारा तुटायच्या थांबल्या, की एक दिवस ती यायचीच बंद व्हायची. मग नवी मुलगी, नवी तुटलेली तार, नवे दातार मास्तरांचे उसासे.

दातार मास्तर पुण्याचे. रेडिओमधलं त्यांना न कळणारं काही नव्हतं, पण खात्यात बोललेलं त्यांना चालत नसे. "कामावर लक्ष, वेळेवर सुट्टी" हे त्यांचं ब्रीद. कोणाला जागेवरून उठायचं असेल तर मास्तरांच्या टेबलापाशी जाऊन विचारायचं, असा नियम होता. माणूस वाईट नव्हता. कधी कोणाला टाकून बोलला नाही. पण त्याच्या टेबलापर्यंत जायचं म्हणजे शाळेत गणित न सोडवता फळ्यापाशी जाण्यासारखं वाटायचं.

बाया का जातात याबद्दल दोघांची दोन मतं होती. मास्तर म्हणत, "बायकांचं असंच. लग्न ठरलं की निघाल्या." पण आमच्याकडच्या निम्म्या बाया लग्न झालेल्याच होत्या. माधवरावांना वाटे पगार कमी पडतो. त्यांनी पगार वाढवला. दिवाळीला साडी दिली. त्या दिवाळीची साडी नेसून दोघीजणी शेवटचं भेटायला आल्या.

मग कुसुम गेली.

कुसुम वानखडे म्हणजे आमच्या खात्याचा कणा. उंच, सावळी, कमी बोलणारी. तिच्या कॉइल मास्तर तपासत नसत, नुसते हातात घेऊन ठेवून देत. एका सोमवारी ती आली नाही. मंगळवारी तिच्या भावानं येऊन सांगितलं, ती अकोल्याला मावशीकडे राहायला गेली आणि तिथं जिनात कामाला लागली.

माधवराव ताडकन उठले. "जिनात? तिथं पगार किती असतो माहीत आहे?"

"कमी हाय साहेब," भाऊ म्हणाला. "आपल्या इथल्याऊन लय कमी."

पगारासाठी माणूस गेला तर मालकाला राग येतो. कमी पगारासाठी गेला तर त्याची झोप उडते. भाऊ गेल्यावर माधवराव मला म्हणाले, "बाई, तुम्ही जा अकोल्याला. परत आणायला नको. फक्त विचारून या, का गेली."

मी एस.टी.नं गेले. मूर्तिजापूरला गाडीच्या चाकानं हवा सोडली म्हणून दुपार झाली. जिनापाशी पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी होती. कुसुम निंबाखाली बसली होती. केसांना, पापण्यांना, लुगड्याला कापसाचं पांढरं चिकटलेलं. मला पाहून उठली, हसली, आणि मी काही विचारायच्या आत अर्धी भाकर आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला.

मी म्हटलं, "कुसुम, काहून वो? तिथं सावलीत बसत होती तू. इथं दिवसभर कापूस नाकात जाऊन राहिला."

ती म्हणाली, "सावलीत बसत होतो बाई, पन पानी पेत नोतो."

"म्हंजे?"

तिनं इकडंतिकडं पाहिलं. बाकीच्या बाया लांब होत्या. "तुमी पेत होत्या का?"

मीही पीत नव्हते. सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी घरी जाईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही ही मला सवय झाली होती, आणि सवय झाली की त्यात काही वावगं आहे हे दिसतच नाही. कारखान्यात मुतारी एकच होती, बाप्यांची, फाटकाजवळ. तिचं दार जोडकामाच्या खोलीकडे तोंड करून. तिथं जायचं तर आधी मास्तरांना विचारायचं, मग पंधरा बाप्यांच्या डोळ्यांसमोरून जायचं. कोणीच जात नव्हती. बाया पाणीच पीत नव्हत्या.

"मले दोनदा ताप आला," कुसुम सांगत होती. "लघवीले आग. डॉक्टर म्हने, पानी पे. म्या म्हटलं, पेतो, पन मंग जाऊ कुठं? इथं मांगं आडोसा हाय. आमी दोघीतिघी संगंच जातो. कोनाले विचारा लागत नाई."

"मंग बोलली काहून नाई?"

"कोनाले? दातार मास्तरले?"

आणि ती मास्तरांसारखा चष्मा वर करून म्हणाली, "कामावर लक्ष!" आम्ही दोघी इतक्या हसलो की ठेचा नाकात गेला. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं, आणि ते ठेच्याचंच होतं असं दोघी धरून चाललो.

परतीच्या गाडीत मी एकाच विवंचनेत होते. हे दोन पुरुषांपुढं बोलायचं कसं? आज हसू येईल, पण त्या काळी बाई पोटदुखीनं कळवळली तरी 'बरं वाटत नाही' एवढंच सांगायची. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माधवराव आणि मास्तर दोघंही बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं.

"साहेब, कुसुम पगारासाठी गेली नाही. पाण्यासाठी गेली."

"पाण्यासाठी? माठ भरलेला असतो की."

"माठ असतो साहेब. पण पाणी प्यालं तर जायचं कुठं?"

मास्तरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. आता सुरुवात केलीच होती, तेव्हा मी कुसुमच्या तापाचंही सांगून टाकलं, आणि खात्यातल्या एकूण एक बायकांचं.

माधवरावांचा चेहरा लाल झाला. "एवढी वर्षं?" म्हणाले. "आणि मी साड्या वाटत होतो." ते तसेच उठले. "चला मास्तर, जागा बघू."

मास्तर उठले, पण दारात थांबून म्हणाले, "बांधू या. जरूर बांधू. पण विचारून जाण्याचा नियम राहू द्यावा. त्यात काय हरकत आहे?"

मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही कोणाला विचारून जाता?"

माधवराव खो खो हसत सुटले. मास्तर हसले नाहीत, पण नियम त्या दिवशी संपला.

पुढचं बांधकाम मास्तरांनीच अंगावर घेतलं आणि ते पाहण्यासारखं होतं. गोदामामागं, बाप्यांच्या वाटेपासून दूर, भिंतीचा आडोसा घालून त्यांनी जागा निवडली. गवंड्याच्या डोक्यावर उभे राहून ओळंबा स्वतः धरला. दाराला आतून एक कडी बसवली, मग विचार करून दुसरी बसवली. ज्या दिवशी ते तयार झालं त्या दिवशी आमच्या खात्यातला माठ दुपारपर्यंत रिकामा झाला. मी तो पुन्हा भरायला सांगितला आणि असं काही वाटलं, की आज सणच आहे.

मी अकोल्याला निरोप धाडला. पंधरवड्यात कुसुम परत आली, आणि येताना जिनातली एक मैत्रीणही घेऊन आली.

माझी भाची पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ती सांगते, त्यांच्याकडं माणसं सोडून जाऊ नयेत म्हणून एक वेगळं खातंच आहे. ते लोक जाणाऱ्याला बसवून विचारतात की बाबा, का चाललास? मी म्हटलं, जाणाऱ्याला विचारता हे चांगलंच, पण राहिलेल्याला कोण विचारतं? कुसुमनंतर मी तेच काम सुरू केलं. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडून बसलो की एकेकीला बोलतं करायचं. सुरुवातीला सगळ्या म्हणत, "बरं हाय बाई." मग हळूहळू एक एक गोष्ट बाहेर यायला लागली.

जैबुन आमच्याकडची सगळ्यात बोलकी. इतवाऱ्याजवळ राहायची, घरी हिंदी, बाजारात वऱ्हाडी आणि माझ्याशी दोन्ही. ती एकदा म्हणाली, "बाई, हम रेडिओ बनाते. सुनते कब?"

प्रश्न खरा होता. तयार झालेला रेडिओ गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तासन् तास चालू ठेवावा लागतो. कच्चं काही राहिलं असेल तर ते गरम झाल्यावर बाहेर पडतं. हे रेडिओ मास्तरांच्या मागच्या बंद खोलीत, आवाज बारीक करून, कोणीही ऐकत नसताना गात बसायचे. जैबुनचं म्हणणं, ते आमच्या खात्यात आणून ठेवा.

मास्तर म्हणाले, "गाण्याच्या नादात तारा तुटतील."

माधवराव म्हणाले, "आठवडाभर बघू."

आठवडाभरात उलटंच झालं. तारा कमी तुटल्या. दुपारी जेवणानंतर जी गुंगी यायची ती यायची थांबली. शिवाय दिवसभर ऐकून सगळ्यांचेच कान तयार झाले. कुठला रेडिओ खरखरला की दोघीतिघी एकदम मान वर करायच्या आणि जैबुन मोठ्यानं पुकारायची, "मास्तर, खिडकीजवळच्याले खोकला झाला!" मास्तर लगबगीनं येत, मागचं झाकण उघडत, आणि तारेच्या जोडाचा ढिला टाका सापडला की लहान मुलासारखे खूश होत. पुढं पुढं ते स्वतःच विचारत, "आज कोण आजारी?" बोलू नये असा जो नियम होता तो कधी गेला हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

उन्हाळ्याचा प्रश्न मात्र अवघड होता. आमच्या वऱ्हाडातला मे महिना, वर टिनाचं छप्पर, शेजारी व्हार्निशची भट्टी. घामानं तार बोटातून निसटायची. खिडक्यांना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या लावल्या, त्यावर पाणी मारलं, तरी दुपारी माणूस भाजून निघायचा. मी सुचवलं, पहाटे उजाडायच्या आत यायचं आणि ऊन तापायच्या आत घरी जायचं. माधवरावांना पटलं, पण जैबुनच्या सासूला पटलं नाही. मी तिच्या घरी गेले. म्हातारीनं चहा दिला, पण शब्द कडक होता: "अंधेरे में बहू को अकेली कैसे भेजूँ?"

"एकटी नाही येणार," मी म्हटलं. "मी येतो न्यायले. रोज."

मग आमची पहाटेची वरात सुरू झाली. मी राजापेठेतून निघायची, कुसुमला हाक मारायची, मग गल्लीगल्लीतून एकेक बाई येऊन मिळायची, शेवटी जैबुन. तिची सासू दारात कंदील धरून उभी असायची आणि डोकी मोजायची. काही दिवसांनी लक्षात आलं, की आमच्या मागं थोड्या अंतरावर एक सायकल येते. दातार मास्तर. मी विचारलं तर म्हणाले, "माझी वाटच ही आहे." त्यांचं बिऱ्हाड अगदी दुसऱ्या टोकाला होतं. आम्ही कोणी काही बोललो नाही. जैबुन मात्र मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "आज वारा कसा पुण्याकडून येऊन राहिला!"

व्हार्निशची पाळीही तेव्हाच बदलली. आधी ते काम एकट्या शांताकडं होतं. तिला खोकला लागला आणि ती गेली, ते कुसुम जाण्याच्याही आधी. आता आम्ही सगळ्या आळीपाळीनं करायला लागलो, माझ्यासकट, आणि भट्टीच्या वर मास्तरांनी मोठं धुराडं काढलं. शांताला मी बोलवायला गेले होते. ती आता भाजी विकत होती. म्हणाली, "बाई, चांगलं केलं. पन आता नाई येत. छातीत तो वास अजून हाय." माझ्या सगळ्या नोकरीत मनात रुतून बसलेलं काही असेल तर ते हे. जे आम्ही नंतर केलं ते तिच्या वेळेला झालं असतं तर.

मग आली ती मोठी ऑर्डर. खेड्यापाड्यांतल्या ग्रामपंचायतींसाठी सार्वजनिक रेडिओ, बॅटरीवर चालणारे, चावडीवर ठेवायचे. एवढं मोठं काम आमच्या कारखान्याला कधी मिळालं नव्हतं. वेळेत केलं तर पुढचंही मिळणार, नाही केलं तर ते मुंबईला जाणार आणि आमच्या छपराखाली संत्री येणार, हे सगळ्यांना कळत होतं. कामाला जोर आला होता, आणि नेमका तेव्हाच मुंबईचा तो गृहस्थ उगवला.

इस्त्रीची पांढरी पँट, गॉगल, हातात सिगरेटचा डबा. समोरच्या चहाच्या हॉटेलात बसायचा आणि सुटीत बाहेर येणाऱ्यांना आलुबोंडे खाऊ घालायचा. मुंबईला मोठा रेडिओ कारखाना आहे म्हणे. दुप्पट पगार, राहायला खोली, जाण्याचं भाडं. त्याला अर्धशिक्षित मुली नको होत्या. हात बसलेल्या हव्या होत्या. म्हणजे आमच्या.

मास्तर घाबरे झाले. "आधीच करार लिहून घ्यायला हवे होते."

मी म्हटलं, "करार असता तर कुसुम तापात येऊन तारा तोडत बसली असती मास्तर. पण राहिली असती हे खरं."

मग माधवरावांनी असं काही केलं की मी थक्क झाले. ते रस्ता ओलांडून हॉटेलात गेले आणि त्या गृहस्थाला म्हणाले, "असं बाहेर कशाला? आत या. काय सांगायचं ते सगळ्यांना एकदम सांगा."

तो आत आला. आम्ही मशीन थांबवल्या. त्यानं छान भाषण केलं. मुंबई, समुद्र, पगार, खोली. पगाराचा आकडा ऐकून दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, ते मी पाहिलं. तो म्हणाला, "काही विचारायचं असेल तर विचारा."

मग मागून कुसुम उभी राहिली. कधी न बोलणारी कुसुम.

"भाऊ, तिथं बायायसाठी येगळा संडास हाय का?"

गृहस्थाचा गॉगल नाकावर घसरला. "अं... असेल ना. पाहावं लागेल."

"तिथं जाले कोनाले विचारा लागते का?"

"ते... सुपरवायझर असतो."

जैबुननं विचारलं, "काम करते टैम रेडिओ सुनने देते क्या?"

"कामाच्या वेळी? नाही, तसं तर..."

"व्हार्निशवर कोन बसते? पाळी असते का एकटीच?" कुसुमच्या अकोल्याच्या मैत्रिणीनं विचारलं.

"ते पाहावं लागेल."

पुन्हा 'पाहावं लागेल' आलं तेव्हा खात्यात हशा पिकला. तो बिचारा घाम पुसत म्हणाला, "विचार करा. मी उद्या सकाळच्या गाडीनं चाललो आहे. ज्यांना यायचंय त्यांनी बडनेरा स्टेशनवर यावं."

हसलो खऱ्या, पण दुप्पट पगार म्हणजे थट्टा नव्हती. घोळक्यात हसणं वेगळं आणि घरी चुलीपुढं नवऱ्यासासूच्या देखत बसणं वेगळं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले तेव्हा मनात एकच होतं, आज किती उरल्या असतील? गाडीची वेळ आणि आमच्या वरातीची वेळ एकच होती. कुसुमच्या दाराशी जाऊन हाक मारायला तोंड उघडलं, तर ती ओट्यावर डबा घेऊन बसलेलीच. "आज उशीर काहून केला बाई?" म्हणाली. पुढच्या गल्लीत दोघी, त्यापुढं आणखी. प्रत्येक वळणावर मी थांबून पाहायची आणि प्रत्येक वळणावर कोणीतरी अंधारातून येऊन मिळायची. इतवाऱ्यापाशी म्हातारीनं कंदील वर करून डोकी मोजली आणि ओरडली, "एक कम है!"

कमी होती ती विमल. मी कारखान्याच्या फाटकाशी पोचले तर विमल तिथं आधीच उभी. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता, पोरगं बापासाठी झुरत होतं. ती म्हणाली, "मले जाच लागते बाई. पन आज नाई जात. ऑर्डर होऊ द्या. माह्या मशीनवर बसनारीचा हात बसवून देतो, मंग जातो." आणि तसंच तिनं केलं. तिला स्टेशनवर पोचवायला आख्खं खातं गेलं, डबा बांधून.

मास्तरांनी सायकल भिंतीला लावली, आत येऊन सगळ्या भरलेल्या जागा पाहिल्या आणि तोंड वळवून भट्टी तपासायला गेले. भट्टी पेटवलेलीसुद्धा नव्हती.

ऑर्डर वेळेआधी गेली. पुढची मिळाली. माधवरावांचे वडील आले, छपराकडे पाहिलंही नाही, माठातलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "चालू दे."

पहिल्या खेपेतला एक रेडिओ चांदूर बाजारजवळच्या एका गावात लागणार होता. माधवरावांनी सगळ्या खात्याला सुटी दिली आणि संत्र्याच्या ट्रकमध्ये बसवून आम्हाला तिथं नेलं. सगळं गाव चावडीपुढं जमलं होतं. रेडिओला हार घातलेला. सरपंच भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "आज आपल्या गावात मुंबईहून यंत्र आलं..."

"मुंबईचं कायले?" मागून खणखणीत आवाज आला. "आमच्या बायायनं केलं हाय थे! अमरावतीत!"

आम्ही वळून पाहिलं. दातार मास्तर टाचा उंच करून ओरडत होते. त्यांना वऱ्हाडी येते हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

सरपंचांनी भाषण तिथंच सोडलं आणि आम्हाला पुढं बोलावलं. पुढाऱ्यांसाठी अंथरलेल्या सतरंजीवर आम्ही जाऊन बसलो. सरपंचांनी कुसुमलाच बटण फिरवायला लावलं. आधी खरखर झाली; जैबुननं कान टवकारले आणि मान हलवली, काही नाही, ठीक आहे. मग नागपूर केंद्राचा आवाज स्वच्छ बाहेर पडला, बाजारभाव सांगत, आणि पोरांनी एकच गलका केला.

बाप्ये रेडिओभोवती जमले. बाया आमच्याभोवती. आमची बोटं हातात घेऊन पाहू लागल्या, कोणी काय खाता, कोणी कुठं राहता, पाणी-बिणी, पोरंबाळं, सगळं विचारलं. कुसुमनं सगळं सांगितलं, त्या दोन कड्यांसकट. शेवटी एक तरुण बाई, कडेवर लेकरू, माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "बाई, तुमच्या इथं एखादी जागा हाय का वो?"

मी खात्यावरून मनातल्या मनात नजर फिरवली. प्रत्येक मशीनवर माणूस होतं, हात बसलेलं.

"नाई वो माय," मी म्हटलं. "कोनी जातच नाई."